आज चकली मागितली!

तोंडाने नाही, कार्डाने. मी कणीक मळत होते. चिरंजीव आले, वहीवरचं चकलीचं चित्र टर्रकन उपटलं आणि माझ्या पिठाच्या हातात कोंबलं. एरवी मनगट धरून डब्यापर्यंत फरफटत नेतो, नाहीतर ओट्याखाली बसून रडतो. आज नुसता उभा राहिला, वाट बघत.

ही पेक्स पद्धत, म्हणजे न बोलणाऱ्या मुलाने चित्राचं कार्ड हातात देऊन हवं ते मागायचं. 1985 साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सुरू झाली. आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी मला दटावलं होतं, "काय हवंय असं विचारायचं नाही. सुरुवात त्याने करायची." मग दोन महिने मी समोर चकली धरून गप्प बसायचे आणि नवरा लेकाच्या मागून, तोंडातून अवाक्षर न काढता, त्याचा हात कार्डाकडे न्यायचा. आमच्या घरात दोघांनी एकदम गप्प बसणं हीच खरी थेरपी!

सासूबाईंना धास्ती, की चित्रांची सवय लागली तर पोरगा बोलायचाच नाही. मलाही होती. ताई म्हणाल्या, उलट मागणं जमायला लागलं की काही मुलांचे शब्दही वाढतात. आणि नाही वाढले तरी मागता तर येईल ना.

"अगं, मुलगे उशिराच बोलतात" म्हणणाऱ्या समस्त मावश्यांना नमस्कार. त्या नादात आमचं दीड वर्ष गेलं.

पाच चकल्या दिल्या. दर वेळी अर्धीच, म्हणजे दहा वेळा कार्ड. आत्ता त्याची उशी सरकवली तर खाली तेच कार्ड. कोपरा चावलेला.