चाळिशीकडे झुकलेल्या बोर्दोंसोबत एक दुपार

जुनी बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो भागातली वाइन, प्यायची तर दुपारच्या निवांत जेवणासोबतच, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. टेस्टिंगच्या कार्यक्रमात माणूस उभ्या उभ्या घोट घेतो, वहीत दोन ओळी खरडतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो. कोवळ्या वाइनला ते चालून जातं. तीस-पस्तीस वर्षं बाटलीत बंद असलेली वाइन मात्र ग्लासात ओतल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलत राहते. तिच्याबद्दल पहिल्या घोटाला दिलेलं मत बहुतेक वेळा मागे घ्यावं लागतं.

आम्ही सहाजण लंडनमध्ये राहतो आणि सगळ्यांनाच वाइनचं वेड आहे. जुन्या बोर्दोसाठी हे शहर सोयीचं आहे. 1152 साली, बोर्दो ज्यात येतं त्या अक्विटेनच्या एलेनॉरचं लग्न पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झालं, आणि 1453 पर्यंत बोर्दोचा मुलूख इंग्रज राजांकडे राहिला. तेव्हापासून तिथली वाइन इथे येतेच आहे. त्यामुळे नीट सांभाळलेल्या जुन्या बाटल्या लंडनमध्ये अजून मिळतात. घेताना मी लेबलाआधी बाटलीतली पातळी बघतो. वाइन मानेपर्यंत असेल तर बूच शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. ती खांद्याच्या खाली उतरली असेल, तर नाव कितीही मोठं असो, मी बाटली परत ठेवतो.

यजमान मित्राने सगळ्या बाटल्या आठवडाभर आधीच मागवून घेतल्या आणि कपाटात उभ्या करून ठेवल्या. वय वाढतं तसे वाइनमधले टॅनिन (तुरटपणा आणणारे घटक) आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. बाटली आडवी असली तर तो गाळ अंगभर पसरलेला असतो. ऐनवेळी रेल्वेतून हलवत आणलेली जुनी वाइन गढूळ आणि कडवट लागते.

बूच काढायचं काम आमच्या एका मैत्रिणीकडे असतं. तिने वाइनच्या दुकानात बरीच वर्षं काढली आहेत. एवढी जुनी बुचं भिजून भुसभुशीत झालेली असतात. नेहमीचा मळसूत्री स्क्रू मधोमध फिरवला की त्यांचा भुगा होतो. ती दोन पात्यांचा चिमटा वापरते. बूच आणि काच यांच्या फटीत एकेक पातं हलकेच सरकवायचं आणि पिळत पिळत बूच अख्खं वर घ्यायचं. मग मानेखाली मेणबत्ती धरून ती एका संथ धारेत वाइन काचेच्या सुरईत ओतते. उजेडात गाळाची काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली की हात थांबवायचा. तळाची बोटभर वाइन सोडून द्यायची.

किती आधी ओतायचं, यावर आमचे वाद होतात. माझं म्हणणं, नाजूक वाइन गाळ वेगळा करण्यापुरती ओतावी आणि लगेच प्यावी, भक्कम वाइन मात्र आधी ओतून ठेवावी. म्हणून 1985ची (म्हणजे त्या सालच्या द्राक्षांची) नाजूक फिजाक शेवटच्या क्षणी उघडली आणि 1986ची भक्कम ग्रुओ-लारोज सकाळीच सुरईत गेली.

सुरुवात फिजाकने झाली. हे शातो (वाइन बनवणारी बाग) सां-तेमिलियाँमधलं, म्हणजे दोर्दोन्य नदीच्या बाजूचं, ज्याला उजवा किनारा म्हणतात तिथलं. त्या भागात चिकणमाती आणि चुनखडी, आणि द्राक्ष मुख्यतः मर्लो. फिजाकची जमीन मात्र गोटाळ आहे आणि तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों आणि कॅबर्ने फ्रां मिळून मर्लोपेक्षा जास्त आहेत. रंग कडेला विटकरी झाला होता. पहिल्या घोटात फारसं काही नव्हतं, थोडा आंबटपणा आणि ओल्या पाचोळ्याचा वास. समोरचा मित्र म्हणाला, "संपली रे ही." मैत्रीण म्हणाली, "थांब जरा, ग्लास बाजूला ठेव. आधी मशरूमचा टार्ट खा." अर्ध्या तासाने त्याच ग्लासातून देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूचा आणि पिकल्या रासबेरीचा वास यायला लागला. तासाभराने ती टेबलावरची सगळ्यांत सुगंधी वाइन होती. तुरटपणा जवळजवळ विरघळलेला आणि चव मात्र घोट गिळल्यावरही कितीतरी वेळ टिकणारी. अशा वाइनला पहिल्या घोटाला गुण देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

त्यानंतरची बाटली एका नावाजलेल्या शातोची, 1990ची, आणि तिला बुचाचा दोष लागलेला. ओल्या पुठ्ठ्याचा वास. याला कारण टीसीए नावाचं रसायन, लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला कळतं. तब्येतीला त्याचा अपाय नाही, पण फळाचा सगळा गंध ते मारून टाकतं. इथे मात्र वाट बघण्यात अर्थ नसतो, हवा लागली तरी दोष जात नाही. पैसे बरेच गेले होते, सगळ्यांनाच वाईट वाटलं. जुन्या वाइनच्या जेवणाला एक बाटली जास्तीची ठेवावीच लागते ती यासाठी. आमची राखीव बाटली होती 1988ची लेओव्हिल-बार्टन. मूळच्या आयरिश बार्टन कुटुंबाकडे ही बाग 1826 पासून आहे. 1988 हे साल कडक शिस्तीचं, आज पितानाही ताठ बसायला लावणारं. मला ते आवडतं. ब्लॅककरंट, पेन्सिलच्या शिशाचा वास, आणि घोटाच्या शेवटी जीभ स्वच्छ करणारा आंबटपणा.

मग ओव्हनमधून मेंढीची तंगडी आली. फक्त मीठ, लसूण, रोझमेरी. आम्ही सगळे घरी झणझणीत खाणारे, पण या टेबलावर मिरची येत नाही. तिखटाने टॅनिन जिभेवर आणखी खरखरीत होतात आणि वाइनची नाजूक चव बुडून जाते. मेंढीच्या चरबीने उलट होतं, तुरटपणा मऊ होतो. ग्रुओ-लारोजला त्याची गरज होतीच. इतक्या वर्षांनंतरही ती हिरड्यांना आवळत होती. रंग गडद, चामड्याचा आणि भाजल्या मांसाचा वास. दुपार सरली तेव्हा कुठे ती जरा सैल झाली.

आमच्यातल्या एकाच्या घरी नाशिकजवळ द्राक्षबाग आहे, टेबलावर खायच्या द्राक्षांची. बोर्दोत सालाला एवढं महत्त्व का, हे त्याला कोणी समजवावं लागलं नाही. त्यांच्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, आणि माल उन्हाळ्याच्या तोंडाशी हातात येतो. बोर्दोत वेल हिवाळाभर झोपतो, छाटणी एकदाच, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. अटलांटिकवरून येणारा पाऊस नेमका तेव्हा पडू शकतो. 1986 ला सप्टेंबरच्या शेवटी तसाच जोरदार पाऊस झाला. आधी पिकणाऱ्या मर्लोला त्याचा फटका बसला, उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला नंतर उघडीप मिळाली. म्हणून ग्रुओ-लारोजसारख्या मेदोकमधल्या, म्हणजे डाव्या किनाऱ्यावरच्या कॅबर्नेच्या वाइन त्या साली इतक्या भक्कम झाल्या. हे ऐकून तो म्हणाला, "आमच्याकडे अवकाळी येतो तेव्हा बाबा रात्रभर झोपत नाहीत." मग बराच वेळ ग्लासांवरून बोलणं बागांवरच वळलं, आणि मला ते फार आवडलं. वाइन शेवटी शेतमाल आहे, हे बोर्दोच्या बड्या नावांपुढे लोक विसरतात.

त्या दुपारी सर्वांत जास्त मतं पडली ती 1990च्या सोसियांदो-मालेला. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या वाइनची प्रतवारी केली गेली, ती तेव्हाच्या बाजारभावांवरून. त्या यादीत हे शातो नाही. यादी आजही जवळपास तशीच आहे, 1973 मध्ये मूतों या शातोला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत घेतलं हा मोठा बदल. सोसियांदो-माले जिरोंद खाडीच्या मुखाकडे, मेदोकच्या उत्तर भागात आहे, आणि किंमत बड्या नावांच्या मानाने माफक. उष्ण सालाचं भरघोस फळ, तरीही ताजेपणा शाबूत. सुरईतून पहिल्या मिनिटाला आवडली आणि चीज येईपर्यंत तशीच राहिली. जुन्या बोर्दोवर पहिल्यांदाच पैसे घालणाऱ्याला मी आधी हेच नाव सुचवेन, यादीतलं नाही.

चीजमध्ये जुनं कोंते ठेवलं होतं. मऊ, उग्र वासाची चीज लाल बोर्दोशी भांडतात, म्हणून ती टाळली. शेवटी बोर्दोतल्याच बार्साकची गोड पांढरी वाइन, 1989ची क्लिमांस. सिरोन नदीच्या थंड पाण्यामुळे शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं, द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते, पाणी उडून साखर आणि आंबटपणा दोन्ही आटून घट्ट होतात. अंबरासारखा रंग, जर्दाळू, मध, संत्र्याची साल. सोबत थोडं रोकफोर, हे निळ्या बुरशीचं चीज. हे ग्लास मात्र कोणी बाजूला ठेवले नाहीत.

संध्याकाळ झाली तेव्हा फिजाकच्या सुरईत दोन घोट उरले होते. त्यांचा गंध आता ओसरला होता, ग्रुओ-लारोज मात्र अजून उमलत होती. पुढच्या खेपेला डाव्या किनाऱ्याची 1996 घ्यायचं ठरलं आहे. बाटल्या चारच, राखीव एक, आणि उघडायची वेळ प्रत्येकीसाठी वेगळी.