सान हुआन चामुला: फोन बंद करून घेतलेले दर्शन

मेक्सिकोतील चियापास राज्याच्या डोंगराळ भागात, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, सान हुआन चामुला हे त्सोत्सिल माया लोकांचे गाव आहे. तिथे पोहोचणे अवघड नव्हते. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्याने मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागला नाही, आणि जवळच्या सान क्रिस्तोबाल शहराच्या बाजाराजवळून सुटणाऱ्या, आपल्या वडापसारख्या भरली की निघणाऱ्या कोलेक्तीवोने दहा किलोमीटरचे अंतर अर्ध्या तासात संपले.

रविवार, म्हणजे बाजाराचा दिवस होता. बायकांचे काळे परकर लोकरीचे, घोंगडीसारखे जाड आणि केसाळ होते. चौकातील कचेरीत चर्चचे तिकीट काढताना नियम बजावून सांगितला गेला: आत फोटो काढायचा नाही, आणि बाहेरही माणसांचा, विशेषतः मायोर्दोमोंचा, काढायचा नाही. एकेका संताची सेवा वर्षभर स्वखर्चाने करणारे हे गावचे मानकरीच. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला.

आत बाके नव्हती. फरशीभर पाइनच्या हिरव्या सुया अंथरलेल्या होत्या, कोपाल या धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते आणि भिंतीलगत काचेच्या कपाटांत आरसे लेवून संत उभे होते. पाद्री येतो तो मुख्यतः बाप्तिस्म्यापुरता. एरवी हे स्थान गावाचेच आहे. घसरू नये म्हणून मी जपून पावले टाकली आणि भिंतीशी, कोणाच्या वाटेत येणार नाही अशी बसले.

समोरच एका कुटुंबाने सुया बाजूला सारून हातभर जागा मोकळी केली. म्हाताऱ्या वैदूबाईंनी मेणबत्तीचे बूड तापवून ती फरशीवर चिकटवली, मग दुसरी, तिसरी, अशा रांगा लावल्या. अशा वैदूंना तिथे इलोल म्हणतात. आजारी मुलीचे मनगट धरून त्या नाडी पाहत होत्या आणि त्सोत्सिलमधून एका लयीत, न थांबता प्रार्थना म्हणत होत्या. शेजारी उसाच्या पोश दारूची बाटली होती, आणि थंड पेयाच्याही, कारण ढेकरेबरोबर अंगातले वाईट बाहेर पडते, अशी श्रद्धा आहे. परदेशी प्रवासी या बाटल्यांनाच हसतात, याचे मला फार वाईट वाटते. त्या मुलीची आई तिथे हात जोडून रडत होती.

मग टोपलीतून कोंबडी निघाली. माझ्या आजोळी ग्रामदेवतेला कोंबडे देताना मी पाहिले आहे, त्यामुळे दचकले नाही. पण इथे ती मुलीच्या अंगावरून उतरवली जाते, तिचे दुखणे स्वतःवर घेण्यासाठी. ते पाहायला मी थांबणे योग्य नव्हते, म्हणून उठले. दाराशी तिकीट पाहणाऱ्या गृहस्थांना ‘कोलावल’, म्हणजे धन्यवाद, एवढाच त्सोत्सिल शब्द म्हणता आला. त्यांनी मान हलवली आणि मागून येणाऱ्याचे तिकीट हाती घेतले.