बॅटरी नंतर बदला, आधी अर्थची वायर बघा : कोल्हापूर–मालवण, परतीला फोंडा घाट

जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती 800 घेऊन कोकणात उतरणार असाल आणि गाडी मधूनच नुसतं 'टक' करून गप्प बसत असेल, तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी हे वाचा. दुखणं 'अर्थ'मध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसवरून इंजिनला जाणाऱ्या, करंटच्या परतीच्या वायरीत असू शकतं. माझे 5,200 रुपये गेलेत, तुमचे तरी वाचू देत.

जाताना गगनबावड्यावरून उतरलो, काही त्रास नाही. मालवणात गाडी अर्ध्या चावीत सुरू होत होती. मासे खाल्ले, पोरं समुद्रात डुंबली, विषय संपला.

परतीला कणकवली सोडली आणि पाऊस लागला. वायपर, हेडलाइट, काच धुरकट होते म्हणून ब्लोअर, सगळं एकदम चालू. घाटाखाली चहाला थांबलो आणि निघताना सेल्फच उचलेना. जवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं धक्का मारून गाडी सुरू करून घेतली आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटलं. इंजिन बंद. निकाल तयार : "बॅटरी डेड आहे साहेब, अल्टरनेटरपण गेलाय."

ही तपासणी करणारा कुठंही दिसला की बॉनेट लावायचं आणि निघायचं. चालू गाडीचं टर्मिनल काढलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि धडधाकट अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) डायोड उडू शकतात. शिवाय अर्थ खराब असेल तर इंजिन असंही बंद पडू शकतं, त्यावरून अल्टरनेटरचं काहीच ठरत नाही. अल्टरनेटरला मी नाही म्हटलं, पण बॅटरी घ्यावीच लागली. जुनी बॅटरी त्यानं ठेवून घेतली, तिचे पैसे वजा नाहीत, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. तीच बॅटरी कोल्हापुरात जुनी देऊन 3,600 ला मिळत होती. सरळ लूट.

आणि ती नवी कोरी बॅटरी फोंडा घाट चढून वर आल्यावर, दाजीपूरच्या अलीकडं, गार पडली. अंधार, धुकं, गव्यांचं जंगल, मोबाईलला रेंज नाही. आधी हेडलाइट पिवळे पडले, मग वायपर अर्ध्या काचेवर थांबला, मग इंजिननं दोन आचके दिले. चार्जिंगचा लाल दिवा मात्र शेवटपर्यंत लागला नाही! अंधार पडल्यावर जुनी गाडी घेऊन हा घाट चढू नका. कुणी काहीही सांगू दे.

मागून एक वडाप (शेअर जीप) आलं. ड्रायव्हरनं माझ्याच डिकीतली जंपर केबल काढली, काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला चिमटवलं. स्वतःच्या गाडीच्या बॅटरीला हातसुद्धा लावला नाही. "मारा सेल्फ." पहिल्याच चावीला गाडी सुरू! पैसे घेईना गडी. केबल तशीच दोरीनं बांधून, ब्लोअर बंद ठेवून राधानगरीमार्गे घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वायरमनकडं गेलो. त्यांनी आधी क्लचच्या केबलला हात लावायला सांगितला आणि मग सेल्फ मारला. केबल चांगलीच कोमट लागली. म्हणाले, "करंट हितनं परत जातोय, मामा. अर्थच न्हाई इंजिनाला." बॅटरीच्या मायनसवरून गिअरबॉक्सला जाणारी जाड वायर बाहेरून ठणठणीत होती. थिंबलजवळचं (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) रबर चिरल्यावर आत हिरवी भुकटी आणि चार-पाच तारा शिल्लक. थोडं काम असेल तेव्हा तेवढ्या तारा भागवतात, सगळं एकदम चालू केलं की जीव सोडतात. म्हणून तर बिघाड मधूनच येतो. अल्टरनेटर आपल्या परीनं पुरेसं व्होल्टेज देतच असतो, फक्त ते बॅटरीपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळं लाल दिवा लागत नाही आणि आपण निर्धास्त.

मल्टीमीटर घरात असेल तर निघायच्या आदल्या दिवशी बघा. बंद गाडीत चार्ज झालेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून हेडलाइट लावले की बॅटरीवर 13.8 ते 14.4 हवेत. तिथं कमी भरलं तर अल्टरनेटरच्या जाड वायरीचा बोल्ट आणि त्याचंच अंग यांच्यात मोजा. तिथं 14 आणि बॅटरीवर 12 असेल तर अल्टरनेटर चांगला आहे, वाट खराब आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. माझ्या गाडीत 3 च्या घरात होतं. मीटरच्या 'बीप'वर जाऊ नका, एक तार जोडलेली असली तरी तो वाजतो.

अर्थ साफ निघाला तरच इग्निशन स्विच, फ्यूजच्या क्लिपा, अल्टरनेटरचा पट्टा बघा. इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा एकेक करून हलवा, जिथं आचका येईल तिथं दुखणं.

नवी जाड वायर, दोन थिंबल आणि मजुरी मिळून 180 रुपये लागले. थिंबल नुसतं ठोकून घेऊ नका, डाग (सोल्डर) द्यायला लावा आणि जिथं बोल्ट बसतो तिथला रंग-गंज पॉलिश पेपरनं घासून घ्या. क्लचची केबल मात्र आठवड्यात जड झाली, आतलं अस्तर वितळलं होतं. तीही बदलली, तिचे पैसे वेगळे.