तुम्ही विचारलंत म्हणून : पेट्या माडीवर, पडदे तीन ठिकाणी

सांगलीतील आमच्या घरी प्रथमच येणारा माणूस दिवाणखान्यातील टीव्ही पाहतो, त्याच्याखाली एकही पेटी नाही हे त्याच्या ध्यानात येते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘‘काका, सेट टॉप बॉक्स कुठे आहे? आणि एकच बॉक्स तिन्ही ठिकाणी दिसतो कसा?’’ जिन्यात उभे राहून याचे उत्तर दोन वाक्यांत दिले, तर ऐकणारा बाजारातून नेमकी चुकीची वस्तू घेऊन येतो, असा अनुभव दोनदा आल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे.

पेट्या माडीवर गेल्या त्या महापुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातील आमच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. माणसे, धान्य आणि कागदपत्रे वर नेण्याच्या गडबडीत टीव्हीखालचे कपाट तसेच राहिले. भिंतीवरचा टीव्ही दोघांनी मिळून पाच मिनिटांत उतरवता येतो; पण मागे वायरींचे जंजाळ असलेल्या चार पेट्या पाणी उंबऱ्याशी आल्यावर सोडवता येत नाहीत, हे तेव्हा कळले. म्हणून सेट टॉप बॉक्स, चित्रपटांच्या डिस्क लावायचा ब्लू-रे प्लेयर, नातवाचा गेम खेळण्याचा डबा आणि घरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर असे चारही स्रोत माडीवरच्या कपाटात गेले. पडदे मात्र तीन ठिकाणी राहिले : माडीवर प्रोजेक्टर, खाली दिवाणखान्यात फोर-के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा) टीव्ही आणि आईच्या खोलीत जुना फुल एचडी टीव्ही.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखा स्प्लिटर आणला. येथे तीन शब्दांचा घोळ होतो, तो आधी निस्तरतो. स्विच अनेक पेट्यांपैकी एक निवडून एका पडद्याला देतो. स्प्लिटर एकाच पेटीचे चित्र अनेक पडद्यांना वाटतो. मॅट्रिक्समध्ये मात्र प्रत्येक पडद्याला आपापली पेटी निवडता येते, म्हणजे वर चित्रपट आणि खाली बातम्या एकाच वेळी चालू शकतात. दुकानात तिन्ही डबे सारखेच दिसतात आणि विकणाराही पुष्कळदा तिन्हींना स्प्लिटरच म्हणतो.

स्प्लिटर जोडला आणि त्याच दिवशी प्रोजेक्टरवरचे चित्र फिके पडले. फोर-केचे फुल एचडी झाले, सहा स्पीकरांचा आवाज दोनवर आला. बरेच दिवस मी केबलला दोष देत होतो, पण केबल निर्दोष होती. एचडीएमआयमधून, म्हणजे पेटी आणि पडदा जोडणाऱ्या केबलमधून, चित्र नुसते पुढे ढकलले जाते ही माझी समजूतच चुकीची होती. प्रत्यक्षात पेटी आधी पडद्याला विचारते की तुला काय झेपते. त्याचे उत्तर प्रत्येक पडद्यात साठवलेले असते. त्या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. मूळ नोंद अवघ्या १२८ बाइटांची आणि तिला बहुधा तेवढ्याच आकाराची पुरवणी असते. रेझोल्यूशन किती, सेकंदाला फ्रेम किती, आवाजाचे कोणते प्रकार चालतील, हे सारे त्यात लिहिलेले असते. स्प्लिटरला पडदे दोन असले तरी पेटीला उत्तर एकच द्यावे लागते. काही स्प्लिटर पहिल्या पडद्याची नोंद पुढे करतात, तर काही दोघांनाही झेपेल एवढेच सांगतात. माझा दुसऱ्या जातीचा होता. पंगतीतील एका पाहुण्याला तिखट सोसत नाही म्हणून सगळ्या पंगतीची आमटी फिकी करावी, तसे आईच्या जुन्या टीव्हीसाठी माडीवरचा प्रोजेक्टर उपाशी राहत होता.

दुसरा त्रास अधिक चिडवणारा होता. खाली आईने टीव्ही लावला किंवा बंद केला की वरचा पडदा तीन-चार सेकंद काळा होई. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात आणि त्यांपैकी शेवटची पीन ‘पडदा जोडलेला आहे’ एवढीच वर्दी देते. त्या वर्दीत बदल झाला की विचारपूस पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला माडीवर पंधरा माणसे जमली होती. आपणही थोडा पाहावा म्हणून आईने नेमका तेव्हा खालचा टीव्ही लावला, आणि कमिन्सच्या चेंडूवर कोहलीचा त्रिफळा उडाला तो क्षण आमच्याकडे कोणीही थेट पाहिला नाही. सामना त्यामुळे हरलो असे आजही दोघेजण म्हणतात.

त्यानंतर मी चार बाय चारचा, म्हणजे चार पेट्या आणि चार पडदे जोडता येणारा, मॅट्रिक्स घेतला. घेताना किमतीपेक्षा दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे, ईडीआयडी प्रत्येक इनपुटला वेगळी ठरवून देता येते का, म्हणजे पडदा चालू असो वा बंद, पेटीला तेच उत्तर मिळत राहील. दुसरी म्हणजे, आलेले फोर-के चित्र एखाद्या आउटपुटपुरते फुल एचडी करून देता येते का. ही दुसरी सोय नसेल, तर मॅट्रिक्स घेऊनही फिक्या आमटीचीच पाळी येते. आता ब्लू-रेचे चित्र वर फोर-के उमटते आणि तेच आईच्या खोलीत तिच्या टीव्हीला पेलेल असे होऊन पोहोचते.

खरी मेहनत केबलची. मी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. तेथे मोजमापाच्या उपकरणांचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल दोनशे मीटर नेला तरी तक्रार नसे, त्यामुळे १५ मीटरला कोणी रडेल हे मनातही आले नव्हते. फुल एचडीला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट पुरतात, म्हणून आईच्या टीव्हीपर्यंत जिन्याच्या कठड्यावरून सोडलेली एचडीएमआय केबल निमूट चालली. तशीच केबल दिवाणखान्यात नेऊन ६० फ्रेमचे फोर-के लावले, तेव्हा मात्र चित्रात पांढऱ्या चांदण्या चमकू लागल्या आणि मग पडदाच गेला, कारण तेथे १८ गिगाबिटांचा मामला असतो आणि साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा पाच-सात मीटरपलीकडे धरता येत नाही. ऑप्टिकल एचडीएमआय केबल लांब जाते, पण तिचे एक टोक पेटीचे आणि दुसरे पडद्याचे ठरलेले असते. उलटी ओढली तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

आमच्या भिंतीतील पाइप पाऊण इंची आहेत. वायरमनने तार आत सोडली, तिच्या टोकाला एचडीएमआयचा प्लग चिकटपट्टीने बांधला आणि ओढू लागला, तर प्लग पाइपच्या तोंडातच अडला. त्याने प्लग हातात घेऊन पाइपच्या तोंडावर आडवा धरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, डोकं मोठं आहे ह्याचं.’’ मग खालच्या दोन्ही टीव्हींसाठी कॅट-सिक्सची (इंटरनेटसाठी वापरतात तशी) केबल विनाप्लग ओढली, दोन्ही टोकांना जागेवर प्लग दाबून बसवले (क्रिम्पिंग) आणि एचडीबेसटीचे एक्स्टेंडर, म्हणजे एचडीएमआयचे चित्र कॅट केबलवरून लांब नेणारे डबे, लावले. ही पद्धत एका कॅट केबलवरून फुल एचडी चित्र १०० मीटरपर्यंत नेते. माझ्याकडे लांबी आहे जेमतेम २५ मीटर. ही केबल इंटरनेटच्या केबलसारखी दिसत असली तरी ती नेटवर्क स्विचमध्ये खोचायची नसते. तसेच केबल निखळ तांब्याची घ्यावी. बाजारात अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते आणि ती अशा कामाला दगा देते.

एचडीसीपीबद्दल थोडेच. हे चोरी रोखण्याचे कुलूप आहे, आणि फोर-के चित्रपटांसाठी पेटीपासून पडद्यापर्यंतच्या प्रत्येक कडीला त्याची २.२ आवृत्ती समजावी लागते. लॅपटॉपचा डेस्कटॉप दिसतो, पण चित्रपट लावताच पडदा काळा होतो, अशी तक्रार आली की मी केबलला हात न लावता मधल्या डब्याची आवृत्ती विचारतो.

रिमोटचा विचार कोणीही करत नाही आणि घरात खरी भांडणे त्यावरूनच होतात. पेटी माडीवर आणि आई खाली असेल तर वाहिनी बदलणार कशी? एक्स्टेंडरच्या त्याच केबलवरून रिमोटचे इशारे उलट दिशेने वर जातात. आईच्या टीव्हीच्या कडेला हरभऱ्याएवढा काळा डोळा चिकटवला आहे आणि कपाटात सेट टॉप बॉक्ससमोर त्याचा जोडीदार आहे. आई डोळ्याकडे रिमोट धरते, वाहिनी वर बदलते आणि चित्र खाली येते. बॉक्स एकच असल्यामुळे तो लावलेल्या सर्व ठिकाणी वाहिनीही एकच दिसते. मॅट्रिक्सने एका बॉक्सचे दोन होत नाहीत, हे मात्र विचारणाऱ्याला आधीच सांगावे लागते.

दिवाणखान्यातील साउंडबार सरळ त्याच टीव्हीला जोडला आहे, कारण टीव्हीतून उलट येणारा आवाज बहुतेक मॅट्रिक्स मागे सोडत नाहीत.

एवढे ऐकून कोणी विचारले की आम्हीही मॅट्रिक्स घ्यावा का, तर माझे उत्तर बहुधा नकारार्थी असते. ओटीटीसाठी प्रत्येक टीव्हीला काही हजारांची स्टिक लावावी, वाय-फाय नीट पोहोचेल एवढे पाहावे आणि मोकळे व्हावे. मी स्वतः तेच केले आहे. दुसरा नग स्वस्तात मिळतो अशा पेटीसाठी भिंत फोडणे मला पटत नाही. सेट टॉप बॉक्सचे दुसरे महिन्याचे भाडे नको असेल, प्लेयर किंवा डीव्हीआर एकच असेल, किंवा आमच्यासारखे नदीच्या भीतीने सगळे वर ठेवायचे असेल, तरच या वाटेला जावे. तशी गरज असेल तर येताना खोल्यांमधील पाइपची लांबी आणि रुंदी मोजून आणा, आणि प्रत्येक टीव्हीच्या पाठीवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो घ्या. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.