तुमच्या गाडीत ऊस नाही

त्या ॲनिमेशन फिल्ममधले बैल घसरत होते. पाय जमिनीवर टेकलेला दिसायचा, पण अंग पुढे जाताना तो टेकलेला पायही गुपचूप पुढे सरकायचा. आमच्या धंद्यात याला फूट स्लाइड म्हणतात. नवख्याचं काम ओळखायची ही पहिली खूण. त्यातून चार पायांचा प्राणी चालवणं हे अनुभवी ॲनिमेटरलाही घाम फोडणारं काम. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, असा तो क्रम, आणि कुठलाच पाय दुसऱ्याबरोबर टेकत नाही. छायाचित्रकार मायब्रिजने १८८७ साली छापलेल्या प्राण्यांच्या चालीच्या फोटोपट्ट्या आम्ही स्टुडिओत अजून उघडून बसतो. इथे तर बैलजोडी, म्हणजे आठ पाय.

फिल्म सहा मिनिटांची. करणारा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर वजनकाट्याचा क्लार्क. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते यूट्यूबवर बघून शिकला. सेकंदाला चोवीस धरल्या तर सहा मिनिटं म्हणजे ८,६४० फ्रेम. रात्रपाळीला जाताना लॅपटॉप रेंडरला, म्हणजे फ्रेमची चित्रं तयार करायला, लावायचा आणि सकाळी येऊन किती फ्रेम झाल्या ते बघायचं, असा दोन गळीत हंगाम चाललेला उद्योग. विषय ऊसतोडीचा: एक टायरगाडी फडातून निघते, रात्रभर काट्यावरच्या रांगेत उभी राहते, सकाळी रिकामी होते. एवढंच. माझ्या मावसभावाच्या ओळखीतून लिंक आली, सोबत मेसेज: ‘मॅडम, खरं सांगा. गावात सगळे एक नंबर म्हणतात.’

हौशी माणसांच्या फिल्म बघायला मी सहसा नाही म्हणते, कारण बहुतेकांना मत नको असतं, पाठीवर थाप हवी असते. हा मेसेज वेगळा वाटला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सल्ला दिला, ‘छान प्रयत्न, मोशनवर अजून काम करा, असं लिही आणि सोड.’ हा आमच्याकडचा ठरलेला भेकडपणा. ‘मोशनवर काम करा’ वाचून माणसाने नेमकं काय करायचं? परदेशी क्लायंटकडून आम्हाला एक्सेलच्या रकान्यात ‘शॉट अजून मजेदार करा’ असं येतं तेव्हा याच सहकाऱ्याचं डोकं फिरतं.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा न थांबता, हातात पेन न घेता बघायचं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा फ्रेम-फ्रेम, टाइमकोडसह, म्हणजे कितव्या मिनिट-सेकंदाला ते लिहून, नोंदी काढत. बहुतेक लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि चुकांची यादी हातात देतात. फिल्म काय म्हणू बघतेय हे पहिल्या खेपेलाच कळतं. नंतर आपण तिची शवचिकित्सा करत असतो.

तो एका शनिवारी पुण्याला आला. तिशीचा, कमी बोलणारा, वही घेऊन आलेला. मी पहिलीच नोंद काढली: पाय घसरतोय. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, घसरतोच. खुराला लोखंडी पत्री मारलेला बैल डांबरीवर घसरतो. मी रोज बघतो.’

आता याला काय उत्तर द्यायचं? तो बरोबर होता. आणि पडद्यावर ती चूकच दिसत होती.

मी शॉट पुन्हा लावला. म्हटलं, खरा बैल घसरतो तेव्हा त्याच्या बाकीच्या अंगाचं काय होतं? त्याने खुर्ची मागे सारली, उभा राहिला आणि आमच्या ऑफिसात बैल झाला. एक पाय सटकवला, गुडघा दुमडला, मान खाली गेली, खांदा एका बाजूला कलला. ‘जू वाकडं होतं, मग दुसऱ्या बैलावर ताण येतो, गाडी हिसका खाते. गाडीवान शिवी देतो.’ सगळं माहीत होतं त्याला! फिल्ममध्ये मात्र फक्त पाय सरकत होता. मान, जू, दुसरा बैल, गाडी, कुणालाच त्याची खबर नव्हती. घसरणं बाकीच्या शरीराला कळलं तर ते घसरणं, नाही कळलं तर सॉफ्टवेअरची गफलत. त्याने हे वहीत लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. ब्लेंडरमध्ये दोन कीफ्रेम, म्हणजे हालचालीची सुरुवात आणि शेवट, टाकल्या की मधली हालचाल ते आपणहून गुळगुळीत करून देतं, सावकाश सुरू, सावकाश बंद. सोय म्हणून दिलेला हा सापळा आहे. नवशिक्या माणसाच्या फिल्ममध्ये सगळंच पाण्याखाली चालल्यासारखं दिसतं ते यामुळे. महागडे क्लास चालवणारेही पोरांना बटणं शिकवतात, ग्राफ एडिटर उघडून हालचालीचा वक्र कसा वाचायचा ते शिकवत नाहीत. त्याच्या फिल्ममध्ये बैल आणि गाडीचं चाक एकाच फ्रेमला हलायला लागत होते. मी विचारलं, ‘भरलेल्या गाडीचं वजन किती येतं तुमच्या काट्यावर?’

‘अडीच-तीन टन.’

‘मग तुमच्या गाडीत ऊस नाही.’

तो क्षणभर गप्प झाला, मग हसला. ‘काट्यावर लोक माझ्याशी भांडतात, मी वजन कमी दाखवतो म्हणून.’

मग आम्ही तो एक शॉट घेऊन बसलो. आधी माना खाली. मग जू वशिंडाला भिडतं, मागचे पाय रोवले जातात, आणि तरीही गाडी हलत नाही. चाक निदान आठ-दहा फ्रेम उशिरा. आणि ते हललं की बैलांना पहिलं पाऊल पटकन टाकावं लागतं, कारण ताण सुटलेला असतो. वक्राचा तो मऊ उतार मोडून तिथे कोन केला. पुन्हा प्ले केलं तेव्हा त्याने काहीच म्हटलं नाही, फक्त स्पेसबार दाबत राहिला.

आता रांगेचा शॉट. रात्र, काट्यावरचा एक दिवा, बैल बसलेला, रवंथ करतोय. चाळीस सेकंद कॅमेरा जागचा हलत नाही. सहकारी मागून म्हणाला, कापून दहावर आणा. मी म्हटलं, याला हात लावू नका. कारण जबडा वर-खाली नाही, आडवा फिरत होता. घास गिळला की थांबत होता, आणि मग गळ्यातून दुसरा घास वर येत होता. तो थांबा त्याने मोबाइलवर शूट करून, मोजून घातला होता. पगारी ॲनिमेटरही हे सोडून देतात. हे त्याला इतक्याच तपशिलात सांगितलं. नुसतं ‘हा शॉट छान आहे’ म्हटलं असतं तर पुढच्या फिल्ममध्ये तो काय जपणार?

अडलं ते निवेदनावर. नेमक्या त्या शॉटवर एको लावलेला भरदार आवाज सुरू होतो, बळीराजा, घाम, काळी आई. कारखान्याच्या कार्यक्रमांचे निवेदक, त्यांनी फुकट करून दिलेलं. मी म्हटलं, काढा, बैल तुमचं सगळं बोलतोय. तो म्हणाला, ‘मॅडम, कारखान्यावर पडदा लावून दाखवली ना, तिथेच गाडीवानांनी टाळ्या वाजवल्या.’ माझ्याकडे याला चटकन उत्तर नव्हतं, आणि उगाच दिलंही नाही. त्याला फिल्म मुंबईच्या मिफला, म्हणजे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनच्या महोत्सवाला, पाठवायची आहे. तिथल्या ज्युरीला तो आवाज खटकेल, याची मला खात्री आहे. पण ज्यांची ती रांग, त्यांना तो खटकला नाही.

गेल्या आठवड्यात नवी लिंक आली. गाडीत ऊस आहे. घसरण्याच्या शॉटमध्ये दुसऱ्या बैलाचा कानसुद्धा मागे जातो, हे मी सांगितलं नव्हतं. रांगेचा शॉट तसाच, फक्त निवेदन पंचवीस सेकंद पुढे ढकललेलं. खाली मेसेज: ‘काढलं नाही, थांबवलंय. चालेल का?’

माझ्या नोंदी बावीसपर्यंत आल्या आहेत. टाइमकोड ०३:१२ समोरची जागा अजून रिकामी आहे.