एच-०७

मायक्रोस्कोपच्या खोलीत आम्ही दिवे घालवून बसतो. खिडकीला काळा कागद, एसीची घरघर, आणि स्क्रीनवर अंधारात निळे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं केंद्रक. बहुतेकांभोवती लाल कडं दिसतं. ती पांढरी पेशी, सोडून द्यायची. त्या दिवशी सकाळपासून मी सोडूनच देत होते. तिसऱ्या स्लाइडवर एक दांडगा ठिपका आला, त्याला लाल कडं नव्हतं. फिल्टर बदलला तर हिरवागार.

निळा आहे, हिरवा आहे, लाल नाही. आमच्याकडे याला 'सापडली' म्हणतात. हिरवा रंग सायटोकेरॅटिन या प्रथिनाला चिकटतो. ते त्वचेच्या आणि अवयवांच्या अस्तराच्या पेशींत असतं, रक्तातल्या पेशींत नसतं. स्तन, फुप्फुस, आतडं इथले बहुतेक कॅन्सर अशाच अस्तरातून उगवतात. म्हणून रक्तात अशी पेशी दिसली की ती गाठीतून सुटून आली असावी, असं धरतात.

मी फोटो काढला, पुढे सरकले. दोन चौकटी सोडून दुसरी.

स्लाइडवर कोड होता एच-०७. आता एच म्हणजे हेल्दी. रक्तातून अशा पेशी गाळून काढायची आपली चिप धडधाकट माणसाच्या रक्तात काही पकडत नाही, हे दाखवायलाच ही रक्तं घेतात. त्या दिवशीचे तीन नमुने लॅबमधल्याच तिघांचे होते, रीतसर संमतीपत्रावर सही करून दिलेले. कोड माझ्या सहकारणीने टाकले होते, मोजणारीला कळू नये म्हणून. तिघांत एक मी होते.

पुढचं सांगण्याआधी चिपबद्दल थोडं. आम्ही तिला जिलेबी म्हणतो, कारण ती तशीच दिसते. अर्धा मिलिमीटर रुंदीची नळी गोल गोल फिरत गेलेली. पीडीएमएस नावाचं पारदर्शक सिलिकॉन रबर असतं. दहा भाग ते आणि एक भाग हार्डनर फेटायचं, फेटताना शिरलेले बुडबुडे व्हॅक्यूमच्या डब्यात बसवून काढायचे, साच्यावर ओतायचं आणि ओव्हनला लावायचं. एक बुडबुडा राहिला तरी चिप कचऱ्यात. माझे पप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे ब्लोहोलच की!" इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

जिलेबीतून रक्त जोरात सोडलं की मोठ्या पेशी आतल्या भिंतीला धरून जातात, लहान बाहेर फेकल्या जातात. पंचगंगेच्या वळणावर आतल्या काठाला गाळ साचतो, त्याच भावकीतलं हे प्रकरण आहे. वळणावर पाणी नुसतं पुढे जात नाही, आडवंही घुसळतं. कॅन्सरच्या पेशी साधारणपणे पांढऱ्या पेशींहून मोठ्या, म्हणून आतल्या तोंडाला ट्यूब लावून तेवढ्याच गोळा करायच्या. सगळ्याच मोठ्या नसतात, हा आमच्या चिपचा दुबळेपणा. पण प्रश्न किती अवघड आहे ते बघा. एक मिली रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी, पन्नासेक लाख पांढऱ्या, आणि कॅन्सर पसरलेल्या माणसातसुद्धा या भटक्या पेशी साधारणपणे एक-दोन, फार तर दहा. बऱ्याचदा एकही नाही. 'एका थेंबात कॅन्सर ओळखणार' अशी बातमी वाचली की आमच्या सरांचं डोकं उठतं. थेंबात पेशीच नसेल तर चिप काय करील?

दुपारी कोडची वही उघडली. एच-०७ समोर माझं नाव.

खोटं कशाला सांगू, पाय गार पडले. अशा वेळी वाचलेलं नको तेच आठवतं. २००४ साली अमेरिकेत या पेशी मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. ते यंत्र लोहचुंबकाने पेशी ओढतं. ७.५ मिली रक्तात पाच किंवा जास्त सापडल्या, तर पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये लक्षण वाईट. त्याच सुमाराच्या एका अभ्यासात कॅन्सर नसलेल्या ३४४ जणांपैकी दोन किंवा जास्त पेशी निघाल्या त्या एकाला. फक्त एकाला. माझ्या दोन होत्या. मी दारामागच्या बेसिनपाशी उभी राहून काखेत गाठ लागते का ते चाचपलं. दोन वर्षं दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे वहीत उतरवले होते, काखेकडे कधी हात गेला नव्हता.

सरांना फोटो दाखवले. नमुना कुणाचा ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनला नाक लावलं. "केंद्रक बघ की. पेशीच्या मानानं केवढंसं आहे! आणि पेशी कशी पसरलीय, पापडासारखी. कॅन्सरच्या पेशीत केंद्रकच बहुतेक जागा खातं." मग एकदम विचारलं, "कितवी ट्यूब ही?"

इथे माझी ट्यूब पेटली. सुई कातडीतून आत शिरते तेव्हा कातडीच्या पेशी खरवडून सोबत नेते, आणि त्या पहिल्या काही मिली रक्ताबरोबर ट्यूबमध्ये येतात. त्यांच्यातही सायटोकेरॅटिन. लाल रंग नाही, आकार मोठा. आमच्या जिलेबीला आकाराशीच मतलब, तिने इमानेइतबारे पकडल्या. म्हणून पहिली ट्यूब या कामाला वापरत नाहीत. पेशंटच्या बाबतीत आम्ही ते कटाक्षाने पाळायचो. घरच्याच माणसांचं रक्त, म्हणून सकाळी सिस्टरना एकच जांभळ्या टोपणाची ट्यूब भरून द्या म्हटलं होतं. आणि माझी शीर सापडेना, म्हणून दोनदा टोचलं होतं.

"की मग कालचं पाइपात राहिलं असेल," सहकारीण म्हणाली. तेही खरंच. आदल्या दिवशी त्याच पंपावर एमसीएफ-७ चालवल्या होत्या. १९७० साली अमेरिकेतल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून मिळालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतात. ठरावीक संख्येने त्या रक्तात मिसळायच्या आणि चिप किती परत देते ते बघायचं. धुऊन झालं तरी एखादी नळीच्या सांध्यात अडकून बसते. नळी बदलायची माझी पाळी होती. बदलली होती का? मला आठवेना.

घरी आईने विचारलं, "हाताला कापूस कशाला?" रक्तदान केलं म्हणाले. पाऊस पत्र्यावर बदाबदा वाजत होता. रात्रभर कूस बदलत राहिले.

चार दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी तीन ट्यूब, तिन्हींना तीन नव्या चिप, नवी नळी. मोजायला सहकारीण बसली, मी बाहेर. लॅबचे मामा म्हणाले, "चहा घे गं पोरी, तोंड बघ कसं झालंय." चहाची साय धरली, तरी आतून हाक येईना. पाऊण तासाने आली. पहिली ट्यूब एक. दुसरी शून्य. तिसरी शून्य.

पहिलीतलीही तसलीच, पापडासारखी. "एका हाताच्या तीन ट्यूबवरून काही सिद्ध होत नसतंय," सर म्हणाले, पण हसून म्हणाले. आधीच्या दोनही कातडीतल्याच होत्या की एखादी नळीतली होती, हे आता कधीच कळणार नाही. वहीत एच-०७ पुढचा २ मी खोडला नाही. शेजारी लिहिलं: पहिली ट्यूब, बाद.

त्यानंतरच्या सोमवारी हॉस्पिटलमधून पी-१९ आला. थर्मोकोलच्या डब्यात, कोड लिहिलेली एक ट्यूब. संध्याकाळी मोजला, दोन सापडल्या. मी पेन उचललं, खाली ठेवलं आणि सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, पी-१९ची पहिली ट्यूब वेगळी काढली होती ना?"

"अहो मॅडम, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही!"

"काढली होती?"

"काढली होती."

मी दोन लिहिलं.