तुम्ही विचारलंत म्हणून: मूकपटातल्या बायका हसवत नव्हत्या का?

मूकपटांवर कुठे बोलायला गेले की नंतर चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. "चॅप्लिन, कीटन, लॉइड… सगळे पुरुषच. बायका काय नुसत्या लाजायला होत्या?" मी म्हणते, मेबल नॉर्मंड बघा. त्यावर ज्यांनी नाव ऐकलेलं असतं ते लगेच म्हणतात, "हां, ती खुनाच्या प्रकरणातली!" तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकते.

मेबल 1892 साली न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जन्मली. ऐन किशोरवयात ती चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसायची, त्यातून व्हायटाग्राफ आणि बायोग्राफ या चित्रपट कंपन्यांत शिरली. बायोग्राफमध्ये तिला नट-दिग्दर्शक मॅक सेनेट भेटला. 1912 मध्ये त्याने विनोदी चित्रपटांची कीस्टोन कंपनी सुरू केली आणि मेबल त्याच्याबरोबर कॅलिफोर्नियाला गेली. नटनट्यांची नावं जाहीर करायची पद्धत तेव्हा नुकती कुठे रुळत होती, आणि हिचं नाव मात्र थेट चित्रपटाच्या शीर्षकात: 'मेबल्स अमुक', 'मेबल्स तमुक'. आपल्याकडे 1913 मध्ये फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामतीचं काम साळुंके नावाचे पुरुष नट करत होते. दुर्गाबाई आणि कमलाबाई या आपल्या पहिल्या नट्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आल्या त्याही त्याच वर्षी. त्याच सुमारास ही तिकडे चिखलात लोळत होती, पाण्यात उड्या मारत होती, पडद्यावरचा जोडीदार फॅटी आर्बकल याच्या तोंडावर पाय फेकत होती. (पाय म्हणजे खायचा, क्रीमचा. पडद्यावर तो सगळ्यांत आधी कुणी फेकला यावर तज्ज्ञ भांडतात; त्यांना भांडू दे.)

आता चॅप्लिन. जानेवारी 1914 मध्ये कीस्टोनला आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा, पडद्यावर अगदीच नवखा. मेबल एकवीस वर्षांची, आणि तोवर कॅमेऱ्यामागेही उभी राहू लागलेली. भटक्याचा तो प्रसिद्ध वेष त्याने पहिल्यांदा चढवला 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट'साठी आणि त्याचं दिग्दर्शन तिचं. त्याच वेषातला दुसराच एक चित्रपट दोन दिवस आधी झळकला, म्हणून पहिलेपणाचा मान त्या चित्रपटाला गेला.

पुढे 'मेबल ॲट द व्हील'च्या वेळी दोघांचं वाजलं. प्रसंग असा: खलनायक चॅप्लिन मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्यावर रबरी नळीने पाणी मारतो, म्हणजे गाड्या घसरतील. चॅप्लिनने सुचवलं, मी नकळत नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, मी नळीच्या तोंडात डोकावतो, पाय उचलला जातो आणि फवारा तोंडावर. मेबल म्हणाली, वेळ नाही, सांगितलंय तेवढं कर. तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. दिग्दर्शन करायची तुमची लायकी नाही असं आपण तिला ऐकवलं, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय.

हा किस्सा नेहमी 'अलौकिक कलावंत आणि त्याला न ओळखणारी पोरगी' अशा थाटात सांगितला जातो. पण नळीवरचा पाय हा विनोद लुमिएर बंधूंनी 1895 मध्येच करून टाकला होता. एकोणीस वर्षं शिळा! शिवाय ऊन उतरायच्या आत चित्रीकरण संपवायची जबाबदारी तिची होती. मला विचाराल तर बाईचं चुकलं नव्हतं. नंतर दोघांचं जमलं आणि त्या वर्षभरात त्यांनी डझनभर चित्रपट एकत्र केले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तिचं बलस्थान चेहरा. कीस्टोनमध्ये सगळे हातपाय झाडत असतात; ही मध्येच थांबते, डोळे किंचित बारीक करते, आणि हिच्या डोक्यात काय शिजतंय ते आपल्याला कळतं. 1923 च्या 'द एक्स्ट्रा गर्ल'मध्ये ती सिनेमात नशीब काढायला आलेली आणि कपडेपटाच्या कामाला लागलेली मुलगी आहे. स्टुडिओत एका कुत्र्याला सिंहाचा वेष चढवलेला असतो. ती भलत्याच दोराला हात घालते आणि खऱ्या सिंहाला घेऊन निघते. लोक वाट फुटेल तिकडे पळतायत आणि ही बाजारातून पिशवी आणावी तशी त्याला ओढत चाललीय. सिंह खरा होता, हे बघताना विसरू नका.

मग ते प्रकरण. 1 फेब्रुवारी 1922 च्या संध्याकाळी ती दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर याच्या बंगल्यावरून पुस्तकं घेऊन निघाली; दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळी लागून मेलेला सापडला. तिच्यावर आरोप झाला नाही, खुनी आजवर सापडलेला नाही. पण तिचा पडद्यावरचा जोडीदार आर्बकल याच्यावर आधीच खटले चालू होते, वर्तमानपत्रांना आयतं कुरण मिळालं. 1924 च्या पहिल्याच दिवशी तिच्या ड्रायव्हरने तिच्याच पिस्तुलाने एका माणसावर गोळी झाडली. तो माणूस वाचला, हिची कारकीर्द काही वाचली नाही. 1926 मध्ये निर्माता हॅल रोच याच्याकडे तिने थोडे छोटे चित्रपट केले, पण क्षयाने शरीर पोखरलेलं होतं. 23 फेब्रुवारी 1930 ला ती गेली, सदतिसाव्या वर्षी.

विस्मरणाला खून जेवढा कारण आहे तेवढीच फिल्मही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची; ती रिळं कुजतात, पेट घेतात. त्या काळातलं कितीतरी काम असंच गेलं. तिने 1914 मध्ये दिग्दर्शित केलेला एक चित्रपट हरवला म्हणून सोडून दिला होता, तो 2010 मध्ये न्यूझीलंडच्या संग्रहात निघाला.

सुरुवात करायची तर 'मेबल्स ब्लंडर'पासून करा. 1914 चा, दिग्दर्शन तिचंच. होणाऱ्या नवऱ्याचा संशय येऊन ती ड्रायव्हरचे कपडे चढवते आणि त्याच्यावर पाळत ठेवते. इंटरनेटवर फुकट मिळतो. फक्त माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर ती प्रत चुकीच्या वेगाने चालवलेली समजा, बंद करा आणि दुसरी शोधा.